मागच्या दारातून इंजिन

माझी बायको मंजुळा गेल्यापासून मला घरात बसवत नाही. आत गेलो की बाहेर यावंसं वाटतं, बाहेर आलो की कुठे जायचं ते कळत नाही. पालघरकडच्या माहीमच्या खाडीवर जन्म गेला, पण आता गुडघ्यांमुळे होडीवर जाणं बंद झालं. दिवसभर ओटा ते विहीर, विहीर ते ओटा.

असाच फिरताना एकदा मागच्या पडवीत ताडपत्रीखालच्या इंजिनला ठेचकाळलो. माझ्या पहिल्या होडीचं डिझेल इंजिन. विलायतेहून आलेलं, एका सिलिंडरचं, दोन्ही बाजूंना जड चाकं. बापानं घेतलं तेव्हाच ते जुनं होतं. पुढे होडी मोडली, इंजिन तेवढं ठेवलं.

मंजुळा या इंजिनच्या आवाजावरून मला ओळखायची. होड्या एकामागून एक खाडीत शिरायच्या, बहुतेकांची इंजिनं एकाच जातीची, तरी आमच्या बायका कोणाची होडी आली ते बरोबर सांगतात. ती मागच्या दारात उभी राहून ऐकायची आणि मी लागेपर्यंत टोपली घेऊन धक्क्यावर हजर असायची. मी मात्र तो आवाज तिथून कधी ऐकला नाही. मी कायम इंजिनच्या उशाशी. कानात नुसता दणदणाट.

ती जिथून ऐकायची तिथून एकदा ऐकायचं, एवढंच डोक्यात बसलं.

हँडल लावून जोर केला. चाक हललं नाही. पुतण्या मेहुलला फोन केला. तो बोईसरला कारखान्यांची मशीनं दुरुस्त करतो. रविवारी आला, इंजिनभोवती फिरला.

"काका, हे जाम हाय. पिस्टन धरलाय. गंज खाल्ला असणार. भंगारवाल्याला बोलवू?"

"भंगारात तू जा."

"मग घण घालू?"

"पिस्टन फुटला तर दुसरा कुठून आणशील? राणीच्या घरून?"

त्यानं वरचं झाकण उतरवलं. पिस्टनवर डिझेल आणि ऑइल ओतून ठेवलं. खाली झिरपतं का ते बघायला मी सारखा जाऊन वाकायचो. झिरपत नव्हतं. पुढच्या रविवारी मेहुलनं टॉर्च मारली तर आत गंज दिसेना. भिंतींवर लाखेसारखा तपकिरी थर. त्यानं खिळ्यानं थोडा खरवडला, हुंगला आणि तोंड वाकडं केलं.

तेवढ्यात रखमाबाई आली. मंजुळेची धाकटी बहीण, पालघरच्या बाजारात सुकट विकते. परतताना डोकावते.

"इंजिनला न्हाऊ घालताय काय, भावजी? स्वतः कधी न्हालात?"

मेहुलनं खिळा तिच्या नाकाशी नेला. "मावशी, वास घे."

"हे तर आपलं माशाचं तेल," ती म्हणाली. "मंजू दर वर्षी पावसाच्या आधी ओतायची. मीच सांगितलेलं. होडीला चोपडलं तर लाकूड टिकतं, मग लोखंडानं काय पाप केलंय?"

मेहुलनं कपाळावर हात मारला. "अगं, ते सुकून सरस झालं! तुमी दोघींनी पिस्टन चिकटवून ठेवलाय."

"गंज हाय काय? दाखव ना. हाय काय गंज?"

गंज नव्हता.

मला हसू आलं आणि लगेच गेलं. ती तेल ओतते हे मला माहीतच नव्हतं. मी दर्यात असताना ती वाटी घेऊन इथं यायची. मला का सांगितलं नाही? की मी कधी मागे वळून बघितलंच नाही? विचारायला आता कोणी नाही. मी उठून विहिरीपर्यंत जाऊन आलो.

रोग कळल्यावर औषध सोपं होतं. मेहुलनं रंगाचं थिनर आणलं. मी बंब पेटवला. सिलिंडरभोवती पाणी फिरायची पोकळी असते, तिच्यात उकळतं पाणी ओतायचं, काढायचं, पुन्हा ओतायचं. लोखंड तापलं तसा पडवीभर माशाचा वास सुटला. पिस्टनवर लाकूड ठेवून मेहुल हलके ठोके देत होता. दुपार कलताना चाक बोटभर सरकलं. मग मागे, मग पुढे. पिस्टन अख्खा बाहेर आला. कड्या सोडवल्या, घासूनपुसून सगळं परत बसवलं. डिझेलचा फवारा सोडणारी तोटी मेहुलनं बोईसरहून नीट करून आणली.

मेहुलनं हँडल फिरवलं, पडवीतच इंजिन धडधडायला लागलं तसा मी लगबगीनं मागच्या दाराशी गेलो. फळीवरची भांडी नाचत होती. डोकं उठलं.

"असं नाय हो!" रखमाबाई ओरडली. "आवाज लांबून यायचा. पाण्यावरून!"

म्हणून शेजारच्या इंद्रजीतच्या होडीत इंजिन चढवलं, दोरांनी आवळलं. गावानं मजा बघितली. "केळव्याच्या किनाऱ्यावर पाहुणे येतात तसं हेही फिरायला निघालं," कोणी म्हणालं. ठरलं असं: बाहेर जायचं, मग इंद्रजीतनं आपलं इंजिन बंद करून आमचं नुसतं वाजत ठेवायचं आणि भरतीच्या ओढीनं आत यायचं. मेहुल सोबत गेला.

मी मागच्या दारात उभा राहिलो. रखमाबाई उंबऱ्यावर बसली. होड्या परतू लागल्या.

"हे बघ, आपलं!" मी म्हणालो.

"ते मोनालीच्या नवऱ्याचं."

"मग हे?"

"गप ऐका की." थोड्या वेळानं ती म्हणाली, "आलं."

मला सुरूच्या झाडांचा वारा तेवढा ऐकू येत होता. मग त्यात काहीतरी लागलं. कोणी दूरच्या अंगणात कांडतंय तसं. इतकंच? मी ज्याच्यावर बसून बहिरा झालो ते इथं एवढंसं येत होतं. वारा फिरला की जायचं, पुन्हा यायचं. मी श्वास रोखून धरला.

आणि ते थांबलं.

वारा फिरला नव्हता. खरंच थांबलं होतं. खाडीच्या तोंडाशी, जिथं खडक आहेत.

"का थांबलं? रखमा, का थांबलं?"

"मला काय ठाऊक? बसा. असं थांबलं की मंजू बसायची इथंच."

"किती वेळ?"

"आवाज येईपर्यंत."

मला बसवलं नाही. चपला न घालताच धक्क्याकडे निघालो. अर्ध्या वाटेत आवाज पुन्हा सुरू झाला, तरी मी थांबलो नाही.