लाल पट्टी, हिरवी पट्टी

भद्रावतीच्या कय्यूमभाईच्या घरात कायदा एकच, आणि तोही कय्यूमभाईचा नाही, त्याच्या बायकोचा. घरात जे येईल त्याचे दोन वाटे. एक थोरल्या सुनेचा, म्हणजे खुर्शीदाचा स्वतःचा, आणि दुसरा धाकट्या निशातचा. आंबा असो, ईदचं कापड असो, नाहीतर सासूची बोलणी असोत. निशातला गोंडपिपरीहून पसंत करून आणली ती खुर्शीदानंच. "माह्या पोरीले जपजा," असं तिची आई बस सुटेस्तोवर म्हणत होती, आणि खुर्शीदानं ते मनावर घेतलं होतं. हसू नका, जावाजावांचं विळ्या-भोपळ्याचंच सख्य असतं असं थोडंच आहे!

तर अशा घरात दोन हजार पाचच्या होळीनंतर दोन खोकी आली. एकावर लाल पट्टी, एकावर हिरवी. आत तशाच पट्टीच्या नळकांड्यांतून भरलेलं मलम. नवऱ्याजवळ जायच्या आधी बाईनं आतून लावायचं, आणि त्यानं एचआयव्ही, गुप्तरोग टळतात का ते डॉक्टर लोक तपासून पाहणार. दवाखान्यातर्फे मोहल्ल्यात फिरणाऱ्या चंदाबाईनं या अभ्यासात दोघींची नावं घातली. डॉक्टरीणबाईंनी समोर बसवून सांगितलं, "एका पट्टीत औषध आहे, दुसरीत नुसतं साधं मलम. कोणत्या पट्टीत काय, ते मलाही माहीत नाही. फरक पडतो का, तेच तर बघायचंय. म्हणून निरोध वापरायचाच."

खुर्शीदाचं डोकं पहिल्याच वाक्यावर अडकलं. एकीला औषध आणि एकीला नाही? हा कुठला न्याय! तिचा कय्यूम ट्रकच्या सीटा शिवणारा, दुकानातून घर आणि घरातून दुकान. निशातचा नवरा, धाकटा मुन्ना मात्र माजरीहून कोळशाचा ट्रक घेऊन हैदराबादपर्यंत जाणारा. रस्त्यावर काय काय असतं ते सीटा शिवणाऱ्याच्या बायकोला कुणी सांगावं लागतं? आणि साधं मलम नेमकं निशातच्या वाट्याला आलं असेल तर? तिनं दोन्ही खोकी बिस्किटाच्या मोठ्या डब्यात रिकामी केली. आज तू लाल, मी हिरवं. उद्या उलटं. झालं बरोबर!

उन्हाळाभर ती निर्धास्त झोपली. मधल्या तपासणीत दोघींचं रक्तही साफ निघालं. शाबासकी मिळेल म्हणून तिनं एक दिवस चंदाबाईला आपली हुशारी ऐकवली.

चंदाबाईनं कपाळावर हात मारला. "काय करून ठेवलंस वं, भाभी! आता तुमचा दोघींचा हिशेब लागते काय? आन् ज्याच्यात औषध आहे, ते तरी काम करते काय, हे कोणाले माहीत? तेच तर पाहून राह्यलो ना!"

"म्हंजे दोन्ही बेकार निघू शकते?"

"निघू शकते."

खुर्शीदाच्या पायाखालची जमीन सरकली. चंदाबाईनं कळवलं, पण डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. तपासणी चालू राहील, पण अभ्यासातून तुम्ही बाद, एवढंच म्हणाल्या. बाद तर बाद, तिला त्याचं काय! तिचं काळीज निशातकडे लागलं होतं. घरी येताच तिनं तिला कोपऱ्यात घेतलं. "पोरी, मलमाचा भरोसा नाई. लाज सोड आन् मुन्नाले निरोध वापराले सांग."

निशातचे डोळे भरले. "कोणाले सांगू, भाभी? ते माह्याजवळ येतच नाईत. मी आपली मलम लावून वाट पाहते."

आता बोला! चंद्रपूरकडचा उन्हाळा, सगळं गावच अंगणात खाटा टाकतं. मुन्नाची खाट बाहेर आहे यात कुणाला काय दिसणार? पण आता पाऊस सुरू झाला होता, आणि हा बाबा अजून पडवीत.

मुन्ना फेरीवरून आला. खुर्शीदानं त्याला जेवायला वाढलं आणि समोर ठाण मांडलं. एरवी दीर-भावजयीची थट्टा चालायची. त्या दिवशी ती थट्टेत नव्हती.

"माह्या निशातले टाकतं काय रे तू?"

घास त्याच्या हातातच राहिला. "भाभी, काही काय बोलता?"

"मंग पडवीत काऊन झोपतं? पसंत नाई? दुसरी कोणी आहे? सांग, नाईतर भाईजानले बोलावते."

मुन्नानं घास परत ताटात ठेवला. "ज्यानं मले ट्रक शिकवला, तो झिंगू उस्ताद गेला ना थंडीत. वाळून वाळून गेला. त्याच बिमारीनं. लग्नाच्या आधी ढाब्यावर तो जिथी गेला, तिथी मीबी गेलतो." त्यानं मान वर केली. "मले असन तर, भाभी? त्या पोरीनं काय बिघडवलं माह्यं? तिचं रक्त साफ आलं असं तुम्हीच सांगितलं. मंग म्हटलं, आपण दूरच राहू."

"आन् स्वतःची तपासणी?"

"हिंमत नाई होत. निघालं तर ती माहेरी निघून जाईन."

त्याला बडवावं की जवळ घ्यावं, तेच खुर्शीदाला कळेना. आपण पट्ट्या उलट्यापालट्या करत बसलो, आणि हा येडा एकटाच पोरीला जपत होता! दाराआड निशात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. ती आत निघून गेली. मुन्नानं ताट सरकवलं.

सकाळी खुर्शीदा त्याला जवळजवळ ओढतच तपासणीला घेऊन निघाली, तर निशात आधीच बुरखा घालून दारात तयार. रस्ताभर ती नवऱ्याच्या चार पावलं पुढं चालली. मुन्नानं रक्त दिलं. तिघं बाकावर बसले. आतून त्याचं नाव पुकारलं, तसा तो उठला, आणि निशातही उठली.

चंदाबाई दारात आडवी आली. "पोरी, रिपोर्ट ज्याचा त्यालेच सांगतात. एकेकानं जायचं."

"एकेकानंच तर चाललं होतं इतके दिवस," निशात म्हणाली. "ते पडवीत भेत होते, मी खोलीत रडत होती. आता काही निघो, मी गोंडपिपरीले जात नाई. इचारा त्याइले, मी आत आली तर चालते काय?"

मुन्नानं मान डोलावली. दोघं आत गेले आणि दार लागलं.

रिपोर्ट चांगला आला, ते मागाहून कळलंच. पण खुर्शीदाचा जीव ते दार लागलं तेव्हाच भांड्यात पडला होता.