पडल्यानेही संभवते

…पिवळी, मेणाची, टोक बोथट झालेली पेन्सिल. पर्समध्ये सामानाची यादी शोधताना हाताला ती लागली आणि सुमेधाने ती उगाचच बाहेर काढून पाहिली. एक्सरेच्या फिल्मवर खुणा करायची, हॉस्पिटलातली, काल घाईघाईत कोटाच्या खिशातून इकडे आलेली असणार. टोकाला काळपट काहीतरी चिकटलं होतं, ते ती नखाने खरवडत बसली. गाडी शिकागोच्या डेव्हन ॲव्हेन्यूवर एका साड्यांच्या दुकानासमोर नको तिथे उभी, धर्मराज पलीकडच्या दुकानात डाळ आणायला गेलेला, आणि मागे एक बस केव्हापासून हॉर्न देत होती. तो हॉर्न आपल्यासाठीच आहे हे तिच्या ध्यानात आलं तेव्हा धर्मराज दोन्ही हातांत पिशव्या घेऊन धावत येताना दिसला.

"किती हॉर्न देऊन राहिला तो! ऐकू नाही आलं का?" गाडी काढत तो म्हणाला.

"आलं."

"तूरडाळ घेतली, खिरीचे तांदूळ घेतले. आणि हे बघ, उद्या तुला दोन शब्द बोलायला लावणार आहेत. आत दुकानातच मंडळाचा सेक्रेटरी भेटला. म्हणाला, आपल्यातल्या बाईचा रिपोर्ट थेट वॉशिंग्टनला जातो, तेव्हा धम्मदीक्षेच्या दिवशी तुम्हीच बोललं पाहिजे."

"कॅन्सल करा."

"काय कॅन्सल करा?"

"माझं बोलणं. खीर आणते म्हणावं."

धर्मराजने तिच्याकडे पाहिलं, पण समोर सिग्नल होता. चौदा वर्षांच्या संसारात त्याने एक गोष्ट नीट शिकून घेतली होती: बायको दोन शब्दांत उत्तर देते तेव्हा तिसरा विचारायचा नाही. त्यामुळे त्याला काही कळलंही नव्हतं. गुरुवारी टपालाने आलेलं जाड पाकीट, ते वाचून झाल्यावर तिने टॉवेलांच्या कपाटात खाली सरकवून ठेवलं होतं, एखाद्या शाळकरी मुलीने प्रगतिपुस्तक लपवावं तसं. वय वर्षं एकोणचाळीस.

बत्तीस पानं होती. वॉशिंग्टनला अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे कोण काय बोललं त्याची अक्षरशः नोंद. मध्य अमेरिकेतला तो चिमुकला देश, तिथला तो जनरल, तोच संरक्षणमंत्री, तोच सगळं काही. त्याच्या बराकींत माणसं जात होती आणि फार थोडी परत येत होती. आणि इथला कायदा असा, की त्या सरकारला शस्त्रांची मदत द्यायची तर दर सहा महिन्यांनी कुणीतरी शपथेवर म्हणायचं, तिथे माणसांना माणसासारखं वागवतात. या खेपेला काही सभासदांनी आणखी पुढचं मागितलं होतं: मदत तर थांबवाच, पण खुद्द जनरललाही व्हिसा देऊ नका. दर हिवाळ्यात तो डोळे दाखवायला अमेरिकेत येतो, ते बंद करा. मार्चमध्ये मदत अडकणार अशी नुसती हूल उठली तर त्याने अकरा कैदी सोडून दिले होते. मग खरोखरच अडकली तर… आन्सेल्मोचा धाकटा भाऊ अजून आत होता.

आन्सेल्मो त्या देशातला पाववाला. ऊसतोडणीवाल्यांचा संप चालू असताना त्याने त्यांना पाव पोचवले, एवढाच त्याचा गुन्हा. अकरा दिवस बराकीत काढून तो कसाबसा सुटला, सरहद्दी ओलांडत आला, आणि आता शिकागोतल्या एका चर्चच्या तळघरात राहत होता. चर्चवाल्यांना त्याच्या हाताचा पुरावा हवा होता. जोन नावाच्या, शाळेतून निवृत्त झालेल्या बाई, तिथे दुभाष्याचं काम करणाऱ्या, जून महिन्यात त्याला घेऊन सुमेधाच्या डिपार्टमेंटमध्ये आल्या होत्या. फुकटात, ओळखीने, बेरियम पाजून पोटाचे एक्सरे काढायच्या दोन पेशंटांच्या मधल्या वेळात सुमेधाने त्याच्या डाव्या हाताची फिल्म काढली, लाइट बॉक्सवर लावली, आणि…

आणि समोर तिच्या वडिलांचा हात होता.

म्हणजे तसा नव्हता. पण तेच हाड, कोपरापासून करंगळीच्या बाजूने मनगटाकडे जाणारं, तिथेच मधोमध मोडलेलं आणि मोडून वाकडंच जुळलेलं. माणूस पडतो तेव्हा तळहात टेकतो आणि मोडतं ते मनगट. फक्त हे एक हाड, नेमकं मध्ये, मोडायचं तर माणसाने हात डोक्यावर आडवा धरावा लागतो, आणि वरून काठी यावी लागते. पहिल्या वर्षाच्या पोरांनाही हे ठाऊक असतं. अमेरिकेत तर त्या फ्रॅक्चरला पोलिसाच्या दंडुक्याचंच नाव आहे. तिने पिवळ्या पेन्सिलीने तिथे बाण काढला. तिने डिक्टाफोन उचलला आणि नेहमीच्या आवाजात सांगितलं: जुना, जुळलेला अस्थिभंग. पेशंटने सांगितलेल्या मारहाणीशी सुसंगत. आणि मग श्वाससुद्धा न घेता पुढे: उंचावरून पडल्यानेही अशी इजा संभवते.

का?

गुरुवारपासून ती हेच करत होती, भाजी चिरताना, दात घासताना, कारण शोधत होती आणि सापडलेली सगळी कारणं खरी निघत होती. जोनबाईंनीच बजावलं होतं, डॉक्टर, चळवळीतल्या माणसासारखं लिहू नका, ते फेकून देतील, तटस्थ लिहा. हे खरं. बाई, त्यात परदेशी, त्यात सावळी. कुणी पक्षपाती म्हणू नये म्हणून दोन पावलं जास्तच सरळ चालायची दहा-बारा वर्षांची सवय, तेही खरं. आणि या सगळ्याच्या खाली आणखी एक, सगळ्यांत साधं: संध्याकाळचे चार वाजले होते, त्या दिवशीची ती सदतिसावी फिल्म होती, आणि जीभ आपणहून वळली. 'संभवते', 'नाकारता येत नाही', 'इतर तपासण्यांशी ताडून पाहावे' — या तीन वाक्यांवर आमचं घर चालतं, असं ती पार्ट्यांतून गमतीने सांगायची आणि लोक हसायचे. अंगावर काही येऊ नये म्हणून घातलेलं कुंपण ते. चाळीस रिपोर्टांत तीस वेळा. टायपिस्टही ते शेवटपर्यंत न ऐकता टाइप करायची. मी सही केली तेव्हा वाचलंही असेन. वाचलं होतं. योग्य वाटलं होतं.

पान सत्तावीस. विरुद्ध बाजूचा एक सभासद म्हणतो, यांच्याच डॉक्टरीणबाई म्हणताहेत की पडल्यानेही संभवते; मग एका पाववाल्याच्या घसरण्यावरून आपण एका मित्रराष्ट्राशी वैर घ्यायचं का? कंसात लिहिलं होतं, हशा. पुढच्या पाच पानांत सगळं आटोपलेलं. मदत चालू. व्हिसा चालू. जनरल डोळे दाखवायला येणार.

पडला. तिचे वडील, राजाराम, तेही पडलेच होते, आंब्याच्या झाडावरून. निदान कोर्टात तसं ठरलं. छप्पन साली नागपूरला दीक्षा घेऊन वडील गावी परतले आणि पुढच्या उन्हाळ्यात पाटलाचा बैल मेला तेव्हा तो ओढायला गेले नाहीत. पाटलाच्या माणसांनी त्यांना भर चावडीपुढे मारलं, आणि मग साऱ्या वस्तीवर बहिष्कार पडला. दोन महिने विहीर बंद, गिरणी बंद, दुकान बंद. ते सगळं एका रात्रीत झालं होतं! कुणी समिती नेमली नव्हती, कुणी रिपोर्ट मागवला नव्हता, हे हाड कशाने मोडलं असं कुणी विचारलं नव्हतं. गरिबाचं पाणी तोडायला पुरावा लागत नाही. एका जनरलच्या चष्म्याचा नंबर अडवायला मात्र शपथपत्रं लागतात, आणि तरी तो अडत नाही… तालुक्याच्या डॉक्टरने सर्टिफिकेट दिलं होतं, इंग्रजीत. तेरा वर्षांच्या सुमेधाला शाळेतल्या मास्तरांनी ते वाचून अर्थ सांगितला. झाडावरून पडल्याने अशी इजा संभवते. सगळे सुटले. वडिलांचा डावा हात पुन्हा कधी पुरता उताणा झाला नाही, तळवा अर्ध्यावरच थांबायचा. ते हसून म्हणायचे, बरं झालं, आता कोणापुढं ओंजळ धरायचं कामच नाही राहिलं.

मेडिकलला असताना तिने त्यांचा हात फिल्मवर पाहिला, अकरा वर्षांनी. त्या दिवशी तिला केवढा आनंद झाला होता! हाड खोटं बोलत नाही, तिने मैत्रिणीला सांगितलं होतं, आणि त्याच आठवड्यात रेडिओलॉजी घ्यायचं ठरवलं होतं. अशी सर्टिफिकेटं लिहिणाऱ्या माणसांच्या जागी आपण जाऊन बसायचं, म्हणून.

आणि जाऊन बसलोच की.

"चर्चजवळ थांबा जरा," ती म्हणाली. "पाचच मिनिटं. तुम्ही गाडीतच बसा."

तळघरात पावाचा वास होता. आन्सेल्मो स्वयंपाकघरातून हात पुसत आला. डॉक्टर आल्या म्हणून त्याने ॲप्रन काढला आणि शर्टाची कॉलर नीट केली. जोनबाई मागोमाग आल्या. त्यांच्या चेहऱ्यावरून कळत होतं की त्यांनीही पान सत्तावीस वाचलं आहे.

"जानेवारीत पुन्हा समिती बसेल," जोनबाई म्हणाल्या. "आपण पुन्हा जाऊ."

"भावाचं काही कळलं?"

"नाही. या खेपेला कुणालाच सोडलं नाही. आता कशाला सोडेल?"

"ते वाक्य माझं होतं," सुमेधा म्हणाली. "त्याला सांगा."

"डॉक्टर, ते नसतं तर त्यांनी दुसरं शोधलं असतं. मतं आधीच ठरली होती. तुम्ही स्वतःला लावून घेऊ नका."

इतकं साधं बोलणं, मायेने केलेलं. पण सुमेधाला वाटलं, हातात होतं नव्हतं तेही या बाईने काढून घेतलं. आपली चूक होती म्हणावं तर निदान आपण काहीतरी केलं असं होतं. आता तेही नाही. वाक्य लिहिलं काय न लिहिलं काय, जनरल डोळे दाखवायला येणारच.

"तरी सांगा," ती म्हणाली.

जोनबाईंनी सांगितलं. बराच वेळ लागला. आन्सेल्मो खाली फरशीकडे बघत ऐकत होता आणि मधूनमधून मान हलवत होता. मग तो बोलला, हळू, समजूत घातल्यासारखा, आणि बोलता बोलता त्याने डावा हात पुढे केला. तळवा अर्ध्यावर येऊन थांबला.

"तो म्हणतो, डॉक्टरांनी बरोबरच लिहिलं," जोनबाई म्हणाल्या. "माणूस पडूनही हात मोडतो, त्याचा मामा असाच पडला होता. तो म्हणतो, बराकीतल्या डॉक्टरनेही असंच लिहिलं होतं. तोही चांगला माणूस होता. दुखू नये म्हणून त्याने गोळ्या दिल्या, आणि रात्री खिडकी उघडी ठेवायला सांगितली."

'तोही.' आन्सेल्मोने तिचा हात दोन्ही हातांत धरला आणि त्याला येत असलेल्या दोन-चार इंग्रजी शब्दांपैकी दोन वापरले, थँक यू. तिने ते घेतले.

जिना चढताना तिला वडील आठवले. त्यांचा हात नव्हे, त्यांचं बोलणं. ती नागपूरहून सुट्टीला गेली की त्या सर्टिफिकेटवाल्या डॉक्टरच्या नावाने बोटं मोडायची, आणि वडील म्हणायचे, "नाही बाई, भला माणूस होता तो. पट्टी कशी निगुतीनं बांधून देल्ली त्यानं. चहा पाजला मले, त्याच्या सोताच्या कपात." आणि ती चिडायची. एका कपभर चहावर तुम्ही हात विकलात, असं एकदा बोलूनही गेली होती. त्यांना जाऊनही आता सहा वर्षं झाली.

"भेटला का पाववाला?" ती गाडीत बसल्यावर धर्मराजने विचारलं.

"हो."

"काय म्हणाला?"

"थँक यू म्हणाला."

धर्मराजला यात काही वावगं वाटलं नाही. त्याने गाडी सुरू केली. खिरीला दूध घ्यायचं राहिलं, असं तो म्हणाला, आणि ती म्हणाली, घेऊ.

त्या डॉक्टरने पाटलाकडून पैसे खाल्ले होते, हे ती सव्वीस वर्षं धरून चालली होती. कुणी तसं सांगितलं नव्हतं, पुरावा नव्हता, पण तो तिला कधी लागलाही नव्हता. पैशांचं पुडकं, पाटलाचं हसणं, टेबलाखालून पुढे झालेला हात, सगळं तिने स्वतःच रचलं होतं आणि त्या रागावर ती शिकली होती, दोन समुद्र ओलांडून आली होती. आता ती तो राग नेहमीच्या जागी चाचपून पाहू लागली तर तिथे एक दमलेला माणूस बसला होता. संध्याकाळचे चार वाजलेले, बाहेर पेशंटांची रांग, आणि आपण कुणावर अन्याय करता कामा नये म्हणून, अगदी प्रामाणिकपणे, सवयीने, तो एक वाक्य जास्तीचं लिहीत होता. मग तो घरी गेला असेल. जेवला असेल. त्याला झोपही लागली असेल.

पैसे खाल्ले असू देत, ती मनाशी म्हणाली. निदान त्याने पैसे तरी खाल्लेले असू देत… ती हे मागत होती, पुन्हा पुन्हा, खिडकीबाहेर बघत, आणि मागायला तर कुणी नव्हतंच. देव वडिलांनी छप्पन सालीच सोडला होता.