चि.च्या पुढचं नाव

शिवकन्येनं तेरावी फाईलही बदलून टाकली, हे कळलं तेव्हा जोयानं बोटांवर हिशेब केला. आता एकच फाईल राहिली होती, आणि ती जोयाची होती.

हे फायलींचं प्रकरण असं. जोयाच्या अब्बांचं, म्हणजे सलीमभाईंचं, बीडमध्ये बशीरगंजात लग्नपत्रिका छापायचं दुकान. पत्रिका सगळ्या जुन्या फॉन्टमध्ये टाईप केलेल्या. त्या तशाच मोबाइलवर टाकल्या, की नवरदेवाच्या जागी कंस, टिंबं आणि इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसायची. त्या खिचडीची पुन्हा वाचता येणारी मराठी करून देणारा एक प्रोग्राम होता, 'अक्षरपालट' नावाचा. तो कुणाच्या मालकीचा नव्हता. इंटरनेटवर सगळ्यांसाठी उघडा ठेवलेला. कुणीही आत डोकवावं, कुणीही दुरुस्त करावं. अंबाजोगाईचे रविराज सर त्याची देखभाल करायचे. आणि आठवीच्या सुट्टीत जोयानं त्यातली एक अख्खी फाईल लिहिली होती. पत्रिकेतली एकेक ओळ उचलायची, नवरा कोण, नवरी कोण, मामा कोण ते ओळखायचं आणि ज्याचं नाव त्याच्या जागी नेऊन बसवायचं, एवढं काम ती फाईल करायची. फाईलच्या माथ्यावर लिहिलेलं होतं, 'लेखिका: जोया सलीम, बीड'. ही ओळ तिनं नातेवाइकांत कुणाकुणाला दाखवली होती ते विचारू नका. कुणाला दाखवली नव्हती ते विचारलेलं सोपं.

आता दहावीत सरांनी ठरवलं, प्रोग्राम 'सी' या संगणकाच्या जुन्या भाषेतून काढून 'रस्ट' या नव्या भाषेत न्यायचा. सीमध्ये संगणकाच्या मेमरीतली जागा प्रोग्राम लिहिणाऱ्यानंच सांभाळायची. आधीचं पुसायचं राहिलं, शेजारच्या जागेत पाय पडला, तरी कुणी हटकत नाही. रस्ट पावलापावलाला हटकते. पण सगळं एका झटक्यात बदलायचं नव्हतं. "दुकान बंद ठेवायचं नाही, एकेक कपाट बदलायचं," असं सरांनी लिहिलं होतं. कपाटं म्हणजे फायली, चौदा. आणि बदलणारी कोण, तर शिवकन्या.

शिवकन्येचे आईबाप उमापूरकडं मेंढरं राखायचे. ती बीडमध्ये चुलत्याकडं राहून शाळा शिकायची. वर्षापूर्वी तिला माउस कसा धरायचा ते जोयानंच शिकवलं होतं, अब्बांच्या दुकानातल्या मागच्या संगणकावर. तेव्हा शिवकन्या माउस असा दाबायची, जणू तो हातातून पळून जाणार आहे, आणि जोया हसून हसून खुर्चीवरून पडायची. बाई, काय दिवस होते ते.

तीच शिवकन्या आता मोबाइलवर रस्टचे धडे वाचून रोज संध्याकाळी त्याच संगणकावर बसायची आणि दर आठवड्याला एक फाईल पाडायची. सर तिला काय लिहायचे ते जोयाला पाठ होतं. पाचव्या फाईलला 'छान', नववीला 'फार सुबक', तेरावीला 'हे मलाही सुचलं नसतं'. जोयाच्या फाईलला दोन वर्षांपूर्वी सरांनी एकच शब्द लिहिला होता, 'चालेल'.

त्यात अब्बांची भर. ते गिऱ्हाइकांना सांगायचे, "ती मागं बसलीय ना, ती आमच्या जोयाची मैत्रीण. लई डोकं हाय पोरीला." जोयाला वाटायचं, मैत्रिणीला डोकं हाय, अन् जोयाला काय हाय ते पण सांगा की.

सरांचा एक नियम मात्र जोयाच्या बाजूनं होता. ज्याची फाईल बदलायची, त्यानं नवी फाईल तपासून 'मंजूर' म्हटल्याशिवाय ती आत जाणार नाही. चौदावी फाईल शिवकन्येनं सोमवारी पाठवली. रविवारी सर नवी आवृत्ती काढणार होते. तोवर मंजुरी मिळाली नाही, तर जोयाची जुनी फाईल पुढच्या वर्षापर्यंत जागेवर राहणार.

"बघितलीस का?" मंगळवारी शिवकन्येनं विचारलं.

"बघतेय. घाई काय एवढी?"

"घाई न्हाई गं. कुठं चुकली असंल तर सांग."

सांगते ना, जोया मनात म्हणाली, तुझी चूक नाही काढली तर नावाची जोया नाही.

आणि ती कामालाच लागली. दुकानाच्या संगणकात अकरा वर्षांच्या पत्रिका पडून होत्या. तिनं त्यातल्या एकदम वाकड्या निवडल्या. निमंत्रकांमध्ये सदतीस नावं असलेल्या. एकाच मांडवात तीन लग्नं असलेल्या. वर उर्दूत आणि खाली मराठीत असलेल्या. चिमुकल्यांचं 'आमच्या आत्याच्या लग्नाला यायचं हं' चार कोपऱ्यांत चार वेळा छापलेलं, अशाही. एकूण दोनशे बारा. शाळेतून आली की दप्तर टाकायचं, चहासुद्धा संगणकापाशीच, आणि एकेक पत्रिका आधी शिवकन्येच्या फाईलमधून काढायची, मग स्वतःच्या. एवढं मन लावून तिनं सहामाहीचा अभ्यास केला असता, तर अम्मीनं नजर उतरवली असती.

दोनशे अकरा पत्रिका दोघींच्या सारख्याच आल्या. सदतीस निमंत्रक शिवकन्येच्या फाईलनं एक दम न खाता पचवले. जोयाचं डोकं तापलं.

शुक्रवारी शेवटची लावली, आणि शिवकन्येची फाईल बंद पडली. पडद्यावर आलं की नवव्या ओळीशी काम थांबलं आहे. जोयानं तीच पत्रिका स्वतःच्या फाईलला दिली. ती वरपासून खालपर्यंत न अडखळता चालली.

जोया खुर्चीसकट गोल फिरली. मग एका दमात सरांच्या इंटरनेटवरच्या पानावर लिहून टाकलं, 'नवी फाईल दोनशे बाराव्या पत्रिकेवर बंद पडते. जुनी चालते. मंजूर नाही. - जोया सलीम.' पाठवलं. तेवढ्यानं समाधान कुठलं व्हायला? आपल्या फाईलनं काढलेली पत्रिका तिनं छापायला सोडली. उद्या वर्गात दाखवायची होती ना.

कागद यंत्रातून बाहेर आला तो अब्बांच्या हातात.

"हे काय गं?" चष्मा वर करत ते म्हणाले. "ही तर आपली नमुन्याची पत्रिका. गिऱ्हाइकाला दाखवायची. हिच्यात नवरदेवाचं नाव कुणी घातलं?"

जोयानं कागद घेतला. नमुन्यात 'चि.'च्या पुढं जागा रिकामी असते. ज्याचं लग्न, त्याचं नाव तिथं नंतर येतं. पण तिच्या कागदावर चि.च्या पुढं ठसठशीत आलं होतं, अभिमन्यू.

अभिमन्यू दोनशे अकराव्या पत्रिकेतला नवरा. जागा पुसायची जोया आठवीतच विसरली होती. पुढच्या पत्रिकेत नाव मिळालं नाही, तर तिची फाईल मागच्या पत्रिकेतला नवरदेव गुपचूप आणून बसवायची. दोन वर्षं. शिवकन्येच्या फाईलनं मात्र रिकामी जागा बघून हात वर केले होते आणि कुठं अडलं तेही सांगितलं होतं.

"असं खरंच छापून गेलं असतं ना," अब्बा म्हणाले, "तर पोरीकडच्यांनी दुकान डोक्यावर घेतलं असतं. बघ जरा काय हाय ते."

"बघते," जोया म्हणाली आणि कागदाची घडी घालून कंपासपेटीत कोंबली.

आता तिला काहीच करायचं नव्हतं. खोटं बोलायचं नव्हतं, काही लपवायचंही नव्हतं. लिहिलं होतं ते अक्षर न् अक्षर खरं होतं. नवी बंद पडते, जुनी चालते. फक्त रविवारपर्यंत गप्प बसायचं, की फाईल तिची, ओळ तिची, नाव तिचं. शिवाय बंद पडणं ही शिवकन्येची चूकच होती की. चि.च्या पुढं नाव असणारच असं तिनं धरून चालायचं कावून?

शनिवारी सकाळची शाळा. मधल्या सुट्टीत शिवकन्या पायऱ्यांवर येऊन बसली आणि तिनं भाकरीचा डबा उघडला.

"वाचलं मी तुझं," ती म्हणाली. "तुझी चालली ना त्याच्यावर?"

"हां."

"मंग तुझीच राहू दे. सरांना तसं लिहिते आज. दोनशे बारा पत्रिका घातल्यास व्हय गं? मी तर आठच घातल्या होत्या. मला तर वाटलं, चार दिस झाले, जोया बघतच न्हाई."

तिच्या तोंडावर राग नव्हता. जोयानं नीट शोधला. नाराजी नाही, टोमणा नाही, काहीच नाही. ती ठेच्याला भाकरी लावत होती. सुबक फायली हिच्या, सर हिचे, अब्बा हिचे, आणि वर हिला जळायलासुद्धा येत नाही. जोयाला त्या क्षणी याचाच सगळ्यात जास्त हेवा वाटला. आपण चार दिवस आतल्या आत भाजून निघालो, आणि ही बया गार.

"नको लिहू," जोया म्हणाली.

"कावून?"

जोयानं कंपासपेटीतला कागद काढून तिच्या मांडीवर टाकला. "नवव्या ओळीत बघ. नमुन्याची पत्रिका आहे. नाव नव्हतंच त्याच्यात. माझी फाईल चालली नाही, तिनं मागच्या पत्रिकेतला नवरदेव उचलून आणला. मला काल संध्याकाळीच कळलं. मी सांगणार नव्हते."

शिवकन्येनं कागद वाचला. मग पुन्हा वाचला. तिचे खांदे हलायला लागले.

"अभिमन्यू," ती म्हणाली. "बरा हाय का दिसायला?"

"हसू नको. मला हसायचं नाहीय."

"न्हाई हसत." पण ती हसतच होती. "सांगणार नव्हतीस तर सांगितलंस कशाला?"

"तू भांडली असतीस तर नसतं सांगितलं."

शिवकन्येनं डबा पुढं सरकवला. जोयानं घेतला नाही.

"माझी पण चुकलीच की," शिवकन्या म्हणाली. "नाव न्हाई सापडलं तर जागा रिकामी सोडायची, एवढंच लिहायचं राहिलं. घंटाभराचं काम हाय. संध्याकाळी येते दुकानावर. दोघी बसून करू."

"तूच कर. झालं की पाठव, मी मंजूर करते. सरांना माझ्या चुकीचंही मीच लिहिते. पण तुझ्याशेजारी नाही बसणार."

"राग आलाय?"

"लई."

"किती दिस राहील?"

जोयानं खरोखर विचार केला. "सहामाहीपर्यंत तरी."

"बरं," शिवकन्या म्हणाली आणि डब्याचं झाकण लावलं. "मंग सहामाही झाली की येते."