उलट्या तारांचा हेडफोन

मी हेडफोन बोलतोय. दचकू नका. आजवर हजारो कानांशी बोललो, पण स्वतःचं एक अक्षर नाही. मागून येईल ते पुढे ढकलायचं, एवढीच माझी नोकरी.

माझं आयुष्य विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत गेलं. माणसाला बोलणं कसं ऐकू येतं, याचा तिथे अभ्यास चालतो. फ्रिजसारखं जाड दार असलेली खोली, आत खुर्ची, खुर्चीवर माणूस आणि त्याच्या डोक्यावर मी. काचेपलीकडे कॉम्प्युटरपाशी संशोधन करणारी मुलगी. एका कानात 'पा', त्याच क्षणी दुसऱ्यात 'का'. काय ऐकू आलं ते सांगायचं. बहुतेकांना उजव्या कानातलं जास्त स्पष्ट येतं, हे जगाला कधीचं ठाऊक आहे. लोक मात्र परीक्षेला बसल्यासारखे घाबरतात आणि बाहेर येऊन विचारतात, "माझं बरोबर आलं ना?"

मध्यंतरी माझी वायर तुटली. दुरुस्तीवाल्या काकांनी फोनवर जावयाशी बोलता बोलता ती जोडली. डावीची उजवीला, उजवीची डावीला. वर छान काळी पट्टी गुंडाळली. "नव्यासारखा झालाय," म्हणाले. मला कळलं होतं, पण सांगतो कुणाला?

प्रत्येकाची आधी तपासणी व्हायची. बारीक शिट्टी ऐकू आली की हात वर करायचा. कुठल्या कानात आली, हे कुणी विचारलंच नाही. एकोणचाळीस जणांनी हात वर केले आणि एकोणचाळीस जणांचा डावा कान सरस निघाला. मुलीचे पाय जमिनीला लागेनात. चार वर्षं राबली होती बिचारी. तिच्या सरांनी तर हा शोध परिषदेत मांडायचं ठरवूनही टाकलं. मी आपला तिच्या डोळ्यांदेखत खोटं बोलतोय. लाज वाटायची हो.

एका दुपारी तिचा घरी विसरलेला चष्मा घेऊन तिचे बाबा आले. कारखान्यात तीस वर्षं यंत्राशेजारी उभं राहून त्यांचा डावा कान पार गेला होता.

"बसा बाबा, माझं काम दाखवते," ती म्हणाली.

गेलेला कान पडद्यावर कसा दिसतो ते दाखवायला तिने डावीकडची शिट्टी लावली. बाबांनी हात वर केला.

ती उभीच राहिली. पुन्हा लावली. पुन्हा हात वर. काचेतून मला दिसत होतं, ती हसत होती आणि डोळे पुसत होती. मग तिने उजवीकडची लावली. बाबा स्वस्थ. थोडी मोठी केली. बाबा आपले छताकडे बघतायत.

ती आत आली, मला काढून घेतलं, पट्टी सोडून बघितली आणि तिथेच जमिनीवर बसली.

"काय गं, काय बिघडलं?"

"तारा उलट्या आहेत बाबा. सगळं कामच उलटं झालंय."

"मग मला काहीच ऐकू आलं नाही असं लिही. विषय संपला."

"असं कसं लिहू?"

"बरं, मघाशी हसत होतीस कशाला?"

"वाटलं, तुमचा कान बरा झाला."

बाबांनी तिला हात धरून उठवलं. मग म्हणाले, "जा, सरांना सांगून ये. मी बसतो इथे."

सरांनी सगळे आकडे सुलटे करून पाहिले. "म्हणजे जगाला ठाऊक होतं तेच आपण पुन्हा शोधलं," ते म्हणाले आणि परिषदेतून नाव काढून घेतलं. मुलीचं काम एक वर्ष लांबलं.

काका मला सुलटा करायला आले होते, पण पुरावा म्हणून तिने मला तसंच ठेवलं. आता मी चिठ्ठी बांधून कपाटात पडून असतो. शोध बुडाला त्याचं मला फारसं वाटत नाही. शोध काय, पुन्हा लागेल. पण दोन शिट्ट्यांपुरतं मी त्या पोरीला तिच्या बाबांचा कान बरा झाल्याचं सांगितलं. तेवढं तिने मला माफ करावं.