मनस्वीच्या पोरीचे डोळे

जगात खरे डोळे पेणमध्येच तयार होतात, बाकी ठिकाणी नुसते येतात, असं नाथाचं जाहीर मत होतं. गणपतीच्या कारखान्यात चाळीस वर्षं आखणी करणाऱ्या, म्हणजे मूर्तींचे डोळे रंगवणाऱ्या माणसाला ते शोभतही होतं. फक्त स्वतःच्या डोळ्यांतला मोतीबिंदू डॉक्टरने दाखवेपर्यंत त्याला दिसला नव्हता.

रोह्याजवळच्या वरसे गावी दिलेल्या लेकीच्या, मनस्वीच्या, तीन महिन्यांच्या पोरीची बुबुळं सारखी हलतात अशी कुजबुज झाली, तेव्हा निकाल द्यायचं काम अर्थातच नाथाकडे आलं. त्याने पोरीला उजेडात धरलं आणि सांगितलं, की नजर चौकस आहे, सगळीकडे लक्ष ठेवते. डॉक्टरकडे जायचं राहिलं. जावई निकेश निर्धास्तपणे धाटावच्या कारखान्यात शिफ्टला गेला. विहीण काशीबाईंनी भर घातली, "रडत नाय, दूध मागत नाय. गुणाची पोर हाय."

पंधरा दिवसांनी नाथा पुन्हा वरशाला आला आणि सवयीने त्याने मूर्तीची परीक्षा पोरीवर केली. डावीकडे उभा राहिला, उजवीकडे गेला, खाली बसला. कुठूनही गणपती आपल्याकडेच बघतोय असं वाटलं, की आखणी साधली. पोरीची बुबुळं येत-जात राहिली. नाथापाशी एकदाही थांबली नाहीत. त्याने डोळ्यांपुढून हात फिरवला. पापणी लवली नाही.

चहा आला, तो त्याने बशीत ओतला आणि बशी धरून बसून राहिला. लेकीला कसं सांगायचं ते जुळवतोय, तोवर ती पोरीला पाजायला उठवू लागली. पोर उठेना. हातपाय गार, मान टाकलेली.

"बाबा, ही अशी काय करते?"

"रिक्षा बोलाव."

रोह्याच्या दवाखान्यात रक्तातली साखर तपासली, ती जवळजवळ नव्हतीच. सलाईन लागलं. तासाभराने पोर रडली, तेव्हा काशीबाईंनी त्या रडण्याला हात जोडले.

चौथ्या दिवशी पनवेलला केलेल्या मेंदूच्या स्कॅनचा रिपोर्ट आला. डॉक्टरीणबाईंनी पोरीसकट सगळ्यांना आत बोलावलं आणि समजावून सांगितलं. डोळ्यांच्या नसा बारीक राहिल्यात, मेंदूतला मधला पडदा जन्मतःच नाही, मेंदूखालची ग्रंथी पुरेसं काम करत नाही, म्हणून साखर उतरली. गोळ्या रोज, वेळेवर. ताप-उलटी झाली, की डोस वाढवून लगेच इथे यायचं. हयगय जिवावर बेतेल. उजेड कळेल, त्यापलीकडे किती दिसेल ते आज सांगता येणार नाही.

"डोळे हलतात हे आधी कोणी पाहिलं नव्हतं?" बाईंनी विचारलं.

मनस्वीने बापाकडे पाहायचं टाळलं. नाथा उभा राहिला. नजर चौकस आहे असं आपणच ठरवलं होतं, ते सगळं सांगून टाकायचं म्हणून त्याने हात जोडले.

"बाई," तो म्हणाला, "तो पंखा जरा एकवर करता का? पोरीच्या अंगावर येतोय."