बदाम एक्क्याच्या जागी जोकर

“मावशी, पत्ते टाकताय कशाला? डाव तुमचा आहे,” जावई म्हणाला.

मी तोवर बटणं त्याच्याकडे सरकवलीसुद्धा होती. आमच्या घरात पोकर बटणांवरच खेळतात. आईच्या शिवणाच्या डब्यातली बटणं, कोटाची मोठी आणि सदऱ्याची लहान. पत्त्यांचा जोडही जुनाच, त्यात बदामाचा एक्का नाही, म्हणून त्याच्या जागी जोकर. जावई म्हणजे माझ्या भाचीचा नवरा. लग्नाला जेमतेम चार महिने झालेले, आणि पत्ते दिसताच त्याचा चेहरा असा खुलला की मला तो तिथंच आवडून गेला. त्याची सासू, म्हणजे माझी थोरली बहीण, खिडकीपाशी मासिक घेऊन बसली होती. ताई पत्त्यांना हात लावत नाही. पंचवीस वर्षं होऊन गेली. मोठ्या शहरात गेल्यावर माणसाच्या आवडी बदलतात, अशी मी माझी समजूत घालून घेतली होती.

“माझा कसा? तुझ्याकडे दोन राण्या आहेत,” मी म्हटलं.

“टेबलावर चार किलवर आहेत आणि तुमच्या हातात किलवरची नव्वी. पाच किलवर झाले की, जोडीपेक्षा मोठे.”

“आणि ही चौकटची तिर्री? ती कुठं घालू, कानात?”

“ती सोडून द्यायची.”

“सोडून कशी द्यायची? हातातले दोन्ही पत्ते वापरायचेच, आणि टेबलावरचे फक्त तीन घ्यायचे. एवढं ठाऊक नाही आणि निघाले मावशीला शिकवायला.”

भाचीला हसू यायला हवं होतं, पण ती म्हणाली, “मावशी, बरोबर सांगतोय तो. दोन आपले, पाच टेबलावरचे. त्या सातांतले कुठलेही पाच घ्यायचे. आपला एकच वापरला तरी चालतो.” आणि तिनं मोबाइल माझ्यापुढं धरला.

मी कपाळावरचा चष्मा खाली घेतला. गेली सव्वीस वर्षं मी चष्म्याच्या दुकानात काचा घासते. अक्षर चुकीचं वाचण्यातली मी नव्हे. ओळ दोनदा वाचली. कुठलेही पाच.

बाबा जहाजावर इंजिनाच्या खोलीत कामाला होते. पोकर त्यांनी तिथून घरी आणला. तेव्हा मी सहा वर्षांची होते आणि ताई दहाची. टेबलावरचे उघडे पत्ते बघण्यात आम्ही हातातले पत्ते विसरून जायचो, म्हणून त्यांनी नियम घातला: हातातले दोन्ही वापरायचेच. नव्या सायकलला मागे दोन छोटी चाकं लावतात ना, तसा तो नियम असणार. ती चाकं काढायची राहून गेली. आमच्यात बाहेरचं कुणी कधी खेळायला आलं नाही, त्यामुळे चूक दाखवणार कोण?

मी चोवीस वर्षांची असताना बाबांना झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. आई आधीच गेलेली. आणि नेमकी त्याच आठवड्यात आम्हा दोघींना नोकरीची पत्रं आली, दोन्ही त्याच दूरच्या शहरातली. ताईला विमा कचेरीत कारकुनी, मला दुर्बिणीच्या कारखान्यात काम. आकाश बघायच्या दुर्बिणी, हाताएवढ्या जाड काचेच्या. एकीनं तर मागं राहायलाच हवं होतं. तीन दिवस ‘मी राहते’ असं कुणी म्हणालं नाही आणि ‘तू राहा’ असंही नाही. चौथ्या दिवशी ताईनं पत्ते काढले.

“एकच डाव. जिंकेल ती जाईल.”

बाबांच्या पलंगाला लागून टेबल होतं. तिथंच खेळलो. टेबलावर चार बदाम उघडले आणि पाचवी किलवरची छक्की. ताईच्या हातात दोन राजे, काळा आणि चौकटचा. माझ्या हातात बदामाचा एक्का आणि इस्पिकची दुर्री. हा डाव मी इतक्या वेळा आठवलाय की झोपेतून उठवलंत तरी सांगेन. दोन्ही वापरायचे म्हटल्यावर एक्का आणि दुर्री मिळून माझं काहीच होत नव्हतं. हरले. शब्द म्हणजे शब्द, म्हणून मी पत्र फाडलं.

बाबांनी डाव्या हातानं माझा एक्का उचलला होता. मुठीत गच्च धरून ते घशातून काहीतरी आवाज काढत होते. मला वाटलं, पाणी हवंय. मी पाणी पाजलं.

त्यानंतर बाबा अकरा वर्षं जगले. रोज सकाळी मी दुकानात निघाले की ते पत्त्यांकडे बोट दाखवायचे. जोड मांडीवर ठेवला की डाव्या हातानं शोधशोधून बदामाचा एक्का काढायचे, माझ्या तळहातावर ठेवायचे, माझी बोटं मिटवायचे आणि दाराकडे हात करायचे. मी म्हणायची, “निघाले हो बाबा, उशीर नाही करत.” बाबांचा लाड करायचा तऱ्हेवाईक प्रकार, असं मी दुकानात सगळ्यांना कौतुकानं सांगायची. कधी ते डोळ्यांत पाणी आणून एक्का पुन्हा पुन्हा हातात कोंबायचे, तेव्हा मी चिडायचीसुद्धा. ते गेल्यावर तो एक्का मी चष्म्याच्या घरात घालून जपून ठेवला.

आता जावई बटणं माझ्याकडे परत लोटत होता. “बघा, केवढी झाली तुमची.” मी ताईकडे बघितलं. भाचीनं मोबाइल धरल्यापासून तिनं मासिकाचं पान उलटलं नव्हतं. काय झालं, असंही विचारलं नव्हतं.

“चहा टाकते,” म्हणून ती उठली. मी तिच्या मागून स्वयंपाकघरात गेले.

“तुला माहीत होतं.”

ताईनं गॅस पेटवला. “दुसऱ्या वर्षी कळलं. कचेरीत जेवणाच्या सुट्टीत खेळायचे. एकीनं हातातल्या एकाच पत्त्यावर डाव मारला. मी तिच्याशी भांडले, तर सगळे मलाच हसले.”

“मग?”

“तुला लिहायला बसले. तीनदा बसले. माझं लग्न ठरलं होतं गं तेव्हा. परत यावं लागलं असतं.”

“आणि लग्न झाल्यावर?”

“झाल्यावर ही पोर झाली. मग काय तोंडानं सांगणार होते?” तिनं भांड्यावर झाकण ठेवलं.

मला तिच्या कानाखाली एक वाजवावीशी वाटली, खोटं कशाला सांगू. पण हात उचलला गेला नाही. ताईनं लपवलं त्याचा धक्का बसायला माझ्यात जागाच नव्हती. आधीचाच मावत नव्हता.

“ताई, बाबा मला रोज सांगत होते.”

“काय सांगत होते?”

“जिंकलीस, जा, असं. एक्का हातात द्यायचे आणि दार दाखवायचे. अकरा वर्षं. आणि मी त्यांना उशीर नाही करत म्हणून सांगत होते.”

ताई ओट्याला धरून उभी राहिली. “मी यायचे तेव्हा तर त्यांनी कधी पत्ते मागितले नाहीत.”

“नाही. तू असलीस की मागायचे नाहीत.”

तिनं पदर तोंडावर धरला. चहा उतू गेला. गॅस मी बंद केला, ओटाही मीच पुसला, सवय.

आम्ही चहा घेऊन बाहेर आलो. पोरं बावरली होती. मी कपाटातून चष्म्याचं घर आणलं, जोडातून जोकर काढून बाजूला ठेवला आणि एक्का आत घातला. ताई खिडकीकडे गेली नाही. माझ्यासमोरची खुर्ची ओढून बसली.

“मलाही वाट,” ती म्हणाली.

मी पत्ते पिसले आणि प्रत्येकाला दोन-दोन वाटले. बाकीचे एक्कावन्न पत्ते हाताळून पिवळे पडलेले, कडा झिजलेल्या. बदामाचा एक्का तेवढा, बाबांच्या मुठीतल्या चुण्या असल्या तरी, पंधरा वर्षं बंद राहिल्यामुळे पांढरा राहिला होता. तो ताईच्या पुढ्यात गेला, तिथं उपडा पडला, आणि चौघांनाही कळलं तो कुठला पत्ता आहे.

“मावशी,” जावई हळूच म्हणाला, “हा पाठीवरूनच ओळखू येतोय. पुन्हा वाटायचे का?”

ताईनं त्या पत्त्याला हात लावला नव्हता. ती माझ्याकडे बघत होती.

“असू दे,” मी म्हटलं, आणि टेबलावरचा पहिला पत्ता उघडला.