आघाड्याचा राहिलेला 'व'

मित्रांनो, मी एक जुना आघाडा आहे आणि मला तोडून गणपतीच्या डोक्यावर ठेवलं. असो. ते एकदम झालं नाही. सुरुवातीपासून सांगतो.

दुर्गाघाटावरच्या भिंतीत, दोन दगडांच्या फटीत मी उगवलो. वय दोन पावसाळे. आमच्यात याला वार्धक्य म्हणतात. जाणाऱ्यायेणाऱ्यांच्या धोतराला बिया चिकटवणं, एवढंच माझं काम. त्याबद्दल कुणी कौतुक केलं नाही.

मग शरदिनी आली. गणेशोत्सवाची पाटी ती रंगवणार होती. प्रत्येक अक्षरासाठी ती माझ्यासमोर येऊन बसे. माझ्या दांड्याचा तिने काना केला, पानांच्या मात्रा, काटेरी तुऱ्याची शिरोरेघ. मला पाणी घाली. भोवती विटाही लावल्या. मी कुणीतरी आहे असं मला वाटू लागलं. हे रोगाचं पहिलं लक्षण.

मंडळाचे वेणीमाधवकाका पाटी बघून म्हणाले, "हे अक्षर आहे की घास? बकरी खाऊन जाईल."

"वाचून खाईल, काका."

काका हसले नाहीत. "पहिल्या आरतीआधी पुरी झाली तर लावू. नाहीतर फ्लेक्स. मग दरसाल फ्लेक्सच."

चतुर्थीच्या सकाळी फक्त 'व' राहिला होता. शरदिनी रंग आणायला घरी गेली. तिचे वडील वासुदेवगुरुजी पत्री गोळा करत आले. एकवीस पानांपैकी वीस मिळाली होती. घाटावरचे बाकीचे आघाडे इतर गुरुजींनी पहाटेच नेले होते. मी विटांच्या आत, स्वच्छ धुतलेला. गुरुजींनी मला खुडलं; शरदिनी रंग घेऊन परतली तेव्हा मी गणपतीच्या डोक्यावर होतो.

"बाबा, त्याच्यावरून 'व' काढायचा होता."

"तू पाणी घालत होतीस ना? मला वाटलं, पूजेसाठीच जपलायस." गुरुजींचा चेहरा उतरला. "आता चढवला गं. देवाच्या डोक्यावरून कसा काढू?"

तिने आठवणीतून 'व' काढला. तीनदा पुसला. तोवर आरती सुरू झाली.

अख्खा फ्लेक्स छापायला वेळ नव्हता, म्हणून पाटीच लागली. 'गणेशोत्स'पर्यंत मी; पुढे नदीपलीकडच्या रामनगरहून छापून आणलेला, चिकटवलेला निळा 'व'. काकांनी दरसालचा फ्लेक्स तिथेच ठरवला. शरदिनी ब्रश धूत बसली. तो केव्हाच स्वच्छ झाला होता. मी वरून बघत होतो, कोमेजत.

मित्रांनो, कुणी काही जपत असेल तर तोडण्याआधी विचारा, कशासाठी जपताय.

तरी संबंधितांस विनंती की, सदर आघाड्यास निर्माल्यातून वगळून मूळ फटीत पूर्ववत रुजू करून घ्यावे व शरदिनीस 'व'साठी एक दिवसाची मुदतवाढ मंजूर करावी.